फायटर माशाची शेपटी चिरली, औषध टाकू का?

टाकी १० लिटरची. प्लास्टिकच्या झाडात अडकून शेपटी दोन ठिकाणी फाटलीय. खातोय व्यवस्थित.

↳ आधी कडा नीट बघा. स्वच्छ असेल तर नुसती जखम आहे, औषध नको. काळपट-लालसर होऊन रोज झिजत असेल तर फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग. रोज २५ टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, २६-२७ अंशांचं. पाण्यात अमोनिया (माशाच्या विष्ठेतून साठणारं विष) शून्यच हवा, नाहीतर पर भरत नाहीत.

↳ सोबत बिनआयोडीनचं मीठ, लिटरला १ ग्रॅम, वेगळं विरघळवून. मीठ उडून जात नाही! अडीच लिटर बदललंत तर अडीच ग्रॅमच घाला; दरवेळी १० घातलंत तर साठत जातं.

↳ ते झाड आजच काढा. नायलॉनचा मोजा ज्यात अडकतो, त्यात परही फाटतो. नवा पर पारदर्शक येतो, बुरशी समजून औषध ओतू नका.