डायनोचा कागद दाखवला म्हणजे रिमॅप पास झाला का?

टर्बोपुणेकर

मित्राने स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230 चा स्टेज 1 रिमॅप करून घेतला, म्हणजे सुटे भाग न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवली. ट्यूनरने डायनोचा, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात ठेवला: 290 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). कंपनीचा आकडा 230, म्हणजे 60 वाढले. पैसे वसूल, पार्टी ठरली.

मी तो कागद नीट बघितला. 5500 आरपीएमला टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) रेघ 322 न्यूटन मीटरवर आहे. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549 केलं की किलोवॅट मिळतात. इथे साधारण 185.5, म्हणजे 252 पीएस. मग 290 आले कुठून? 252 ला 1.15 ने गुणा, बरोबर 290. टॉर्क चाकावरचा छापलाय आणि पॉवर 15 टक्के ट्रान्समिशन लॉस (इंजिन ते चाक वाटेत जाणारी ताकद) धरून इंजिनची. एकाच कागदावर दोन हिशोब, आणि कोपऱ्यात कुठेही तसं लिहिलेलं नाही. वर तुलना कंपनीच्या छापील 230 शी. रिमॅपच्या आधी त्याच रोलरवर गाडी चढवलीच नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. डायनो हे ट्यूनरचं जाहिरातीचं साधन झालंय. ट्यूनिंग रस्त्यावर व्हावं, लॅपटॉप लावून, इंजिनच्या नोंदी (लॉग) बघून. गाडी शेवटी रस्त्यावरच चालणार आहे.

रोलरवाला

चोर सोडून संन्याशाला फाशी देताय राव. बनवाबनवी ट्यूनरने केली, डायनोने नाही.

रस्त्यावर ट्यूनिंग म्हणजे नक्की कुठे? एक्सप्रेसवेला कारसाठी मर्यादा शंभरची. व्हीआरएस तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत नेली तरी ती मर्यादा मागे पडते, आणि रन (खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत एका दमात मोजणी) घ्यायला तर चौथा गिअर लागतो. शेजारी कंटेनर, मांडीवर लॅपटॉप. हे करायचंय?

लोड देणाऱ्या डायनोवर, म्हणजे चुंबकाने रोलरला रोखणाऱ्या एडी करंट ब्रेकवाल्या, गाडी 3000 आरपीएमला धरून ठेवता येते. लोड हळूहळू वाढवायचा, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) एकेक डिग्री पुढे न्यायचं, टॉर्क वाढायचा थांबला की तिथे थांबायचं. नॉकिंग (सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) आधीच सुरू झालं तर त्याच्याही अलीकडे. घाटात हे करून दाखवा, मी चहा पाजतो.

टर्बोपुणेकर

चहा राहू द्या. बंद शेडमध्ये समोर एक पंखा लावून रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी होते का? लागोपाठ तीन रन घेतले की टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते, ईसीयू टायमिंग मागे खेचतो आणि पॉवर पडते. मग ट्यूनर गाडी थंड करून एक रन घेतो आणि तोच छापतो.

शिवाय करेक्शन, म्हणजे हवामानाप्रमाणे आकड्याला लावलेला गुणक. एसएई जे1349 या मानकाप्रमाणे आकडा 25 अंश आणि 990 मिलिबार कोरड्या हवेवर आणला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. उन्हाळ्यात हा गुणक सहज सात-आठ टक्के वर जातो. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या इंजिनाला ते योग्य. पण टर्बोवाला ईसीयू वेस्टगेट (टर्बोला बगल देणारी झडप) आवळून ठरलेला बूस्ट (हवेचा दाब) गाठतो, विरळ हवेची भरपाई बरीचशी आधीच झालेली असते. त्यावर पुन्हा गुणक लावला की कागदी घोडे वाढतात.

चांदणीचौक

290 असो की 252, संध्याकाळी सातला आमच्या इथे सगळ्यांची सरासरी सारखीच.

श्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत माहा कंपनीच्या रोलरवर रन संपल्यावर क्लच दाबून गाडी नुसती फिरू देतात. ती किती जोरात मंदावते त्यावरून टायर आणि गिअरबॉक्समधला लॉस मोजतात आणि मग इंजिनचा आकडा काढतात. ही पद्धतही अचूक नाही, कारण लोडखालचा लॉस वेगळा असतो. तरी सरसकट 15 टक्के चढवण्यापेक्षा बरी. आणि टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून मान्यता घेऊन कागदपत्रांत नोंद केली नाही, तर रिमॅप केलेली गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम 52 आहे, पण रिमॅप करताना ते कोण आठवतो?

ग्रीसहात

सगळे पीएसवर भांडताय. गिअरबॉक्सला पीएस कळत नाही, टॉर्क कळतो. पोलो जीटी टीएसआयच्या सात स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला (डीएसजी, डीक्यू200) 250 न्यूटन मीटरपर्यंतच झेपतं. गाडीला कंपनीने दिलेले 175. रिमॅपवाले खालीच 2000 ला टॉर्कचा डोंगर उभा करतात, कारण गाडी "उडते" असं वाटलं पाहिजे. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला कमी आरपीएमवर एवढा लोड म्हणजे अवेळी पेट घेण्याला आमंत्रण. पिस्टन फुटल्यावर कागद फ्रेम करून लावा. मी तरी आधी ग्राफचा डावा, कमी आरपीएमचा, अर्धा बघतो.

रोलरवाला

ग्रीसहात यांच्याशी शंभर टक्के सहमत.

टर्बोपुणेकर, करेक्शनचा मुद्दा मान्य, टर्बो गाडीला ते बंदच ठेवायला सांगावं. पण गरम हवेचा मुद्दा तुमच्याच अंगावर येतो. मे महिन्यात खंबाटकी चढताना हवा तशीच तापते. त्यामुळे मला तिसराच रन बघायचाय, त्यात प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती डिग्री मागे गेलं ते. मित्राला स्मूदिंगही (ग्राफची रेघ गुळगुळीत करणारी सेटिंग) विचारायला सांगा. डायनोजेट कंपनीच्या डायनोवर ते 0 ते 5 असतं. पाचवर ठेवलं की मधला खड्डा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होतो.

आणि पेट्रोल कुठलं होतं? एक्सपी 100 वर, म्हणजे नॉकिंग टाळणाऱ्या 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर, ट्यून केलं असेल तर ते दर पंपावर मिळत नाही.

टर्बोपुणेकर

स्मूदिंग विचारलं. पाच. पेट्रोल 100 ऑक्टेनचं, आणि हा पठ्ठ्या रोज साधं भरतो!

आता आधीची फाइल परत टाकून तिथेच बेसलाइन (रिमॅपआधीचा आकडा) घ्यायला सांगितलंय. मग रिमॅप, साधं पेट्रोल, करेक्शन बंद, स्मूदिंग शून्य, तिसरा रन. ट्यूनर म्हणतो वेगळे पैसे पडतील. तरीही अंतिम लॉग मी रस्त्यावरचाच धरणार.

रोलरवाला

धरा, पण शेजारी कुणाला तरी बसवा आणि लॅपटॉप त्याच्याकडे द्या. आणि बेसलाइनचे पैसे ट्यूनरने मागायचेच नसतात, ते त्याने पहिल्या दिवशी करायला हवं होतं.