प्लीहा काढली, मग तिथल्या पेशी आता कुठे राहतात?

जुना_कंट्रोलर
नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहतूक नियंत्रक, कऱ्हाड स्टँडवर. मागच्या श्रावणात पावसात मोटारसायकल घसरली आणि हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. वरून नुसतं खरचटलं होतं, घरी येऊन चहासुद्धा प्यालो. तासाभराने डाव्या खांद्यात कळ यायला लागली (मार पोटाला आणि दुखतोय खांदा!), मग डोळ्यांपुढे अंधारी. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. त्याच रात्री प्लीहा काढली. सर्जन म्हणाले, "तिच्यावाचून माणूस जगतो, घाबरू नका." डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख आणि गोळ्या, बाकी काही नाही.

आठ महिन्यांनी आता सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी केली. प्लेटलेट ५ लाख ४० हजार, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मर्यादेच्या वर, आणि खाली शेरा : "हॉवेल-जॉली बॉडीज दिसतात." गावातले डॉक्टर म्हणाले, प्लीहा नसली की असंच येतं, आणि कागद परत दिला. शाळेत मी शिकलो ते एवढंच, की प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं स्मशान. स्मशान बंद पडल्यावर तांबड्यांत काहीतरी गडबड दिसणार, हे समजतं. पण पांढऱ्या का वाढल्या? त्या तिथे राहायला होत्या का? आणि आता कुठे गेल्या?

स्लाइडवाली
दादा, पॅथॉलॉजीत वीस वर्षं काढली, पण असं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

स्मशान ही अर्धीच गोष्ट. प्लीहा कापली की लाल गरात पांढरे ठिपके दिसतात. लाल भागात म्हाताऱ्या पेशी गाळल्या जातात. ठिपके लिम्फोसाइटचे : बारीक धमनीभोवती टी पेशी, शेजारच्या गोळ्यांत बी पेशी. पण त्यातल्या बहुतेक राहायला आलेल्या नसतात. काही तास थांबतात, परत रक्तात जातात, मग काखेतल्या नाहीतर आतड्याजवळच्या लसीकाग्रंथीत, तिथून लसीकेतून (शरीरात झिरपलेला आणि परत रक्तात जाणारा द्रव) पुन्हा रक्तात. ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर हे दाखवलं, १९५९ साली. छातीतल्या मोठ्या लसीकानलिकेतून पेशी काढत राहिलं की आकडा घसरायचा, त्याच पेशी शिरेतून परत सोडल्या की त्या फिरून नलिकेतच यायच्या. म्हणजे रोज नव्या बनून मरत नव्हत्या, त्याच फेऱ्या मारत होत्या.

प्लीहेचं वेगळेपण असं, की लसीकाग्रंथीत पेशी रक्तातूनही येतात आणि लसीकेतूनही. प्लीहेत यायला फक्त रक्ताची वाट. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण विसावा हिस्सा तिच्यातून जातो, म्हणून थेट रक्तात शिरलेला जंतू तिथे सापडतो. त्याला ओळखणारी पेशी तिथून जात असली, तर तिला अडवून तिथेच वाढवलं जातं.

तुमचे लिम्फोसाइट थोडे वाढलेत, कारण एक मोठा थांबा बंद झालाय. त्या आता रस्त्यावर जास्त दिसतात.

जुना_कंट्रोलर
म्हणजे स्टँड हो! डेपो नव्हे. स्टँडवर गाडी लागते, नोंद होते, सुटते. डेपोत गाडी मुक्कामाला असते.

स्लाइडवाली
प्लीहा दोन्ही आहे. लिम्फोसाइटना स्टँड. प्लेटलेटना डेपो, शरीरातल्या जवळजवळ एक तृतीयांश तिथे उभ्या असतात, म्हणून तुमचा आकडा वर. मोनोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचाही साठा तिथे असतो. २००९ मध्ये उंदरांत दिसलं, की हृदयविकाराचा झटका आला की प्लीहेतले मोनोसाइट निघून दुखावलेल्या हृदयाकडे जातात. आषाढीला तुम्ही जादा गाड्या सोडता तसं.

पण तुमचं खरं नुकसान वेगळंच. पांढऱ्या ठिपक्यांच्या कडेला एका जातीच्या बी पेशी असतात. न्यूमोकोकससारख्या साखरेचं कवच असलेल्या जंतूवर त्या झटपट प्रतिपिंडं सोडतात. प्लीहा गेली की त्यांची फळी मोडते. लसी घेतल्या का?

काढा_घ्या
रोज गुळवेल आणि हळदीचा काढा. प्रतिकारशक्ती आपोआप वाढते. लसीबिसी कशाला?

जुना_कंट्रोलर
कसल्या लसी? मला कुणी सांगितलंच नाही.

स्लाइडवाली
न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंवरच्या, आणि दरवर्षी फ्लूची. ठरवून ऑपरेशन असेल तर निदान दोन आठवडे आधी द्यायच्या. तुमचं अचानक झालं, तेव्हा नंतर दोन आठवड्यांनी द्यायला हव्या होत्या. अजून वेळ गेलेली नाही. फिजिशियनकडे जा, क्रम ते ठरवतील. काढा हौसेने प्या, पण लसीच्या जागी नाही.

गडचिरोलीची_सिस्टर
आमच्याकडे सिकलसेलची लेकरं आहेत जी. त्यांची पाणथरी (प्लीहाच) कुणी काढत नाही, पण कोयत्यासारख्या पेशी अडकून आतल्या आत मरत जाते. सोनोग्राफीत मोठी दिसते आणि काम शून्य. कधी एकाएकी रक्त अडकून फुगते आणि लेकरू पांढरं पडते, म्हणून आयांना आम्ही डाव्या कुशीत बोटं ठेवून पाहायला शिकवतो. दादा, तुम्ही एकच ध्यानात ठेवा : थंडी वाजून ताप आला का सकाळची वाट पाहू नका. अशा माणसाला एका दिवसात जीवावर बेतते. रात्री दोनलाही दवाखान्यात जा, आणि पहिलं वाक्य "मला प्लीहा नाही" हेच बोला. इकडे आलात तर मच्छरदाणीतच झोपा, हिवतापही तुम्हाला जोरात धरेल.

रत्नागिरीकर
अपघातात प्लीहेचे तुकडे पोटात सांडतात आणि तिथेच रुजतात म्हणे. मग काम चालून जात असेल ना?

स्लाइडवाली
रुजतात, खरं आहे. पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. हॉवेल-जॉली म्हणजे तांबड्या पेशीत राहिलेला केंद्रकाचा कण, चांगली प्लीहा तो काढून टाकते. दादांच्या स्लाइडवर तो दिसतोय, म्हणजे गाळणी बंद आहे.

जुना_कंट्रोलर
उद्या दुपारची ड्युटी आहे, सकाळीच फिजिशियनकडे जातो. ओळखपत्राच्या मागे चिठ्ठी चिकटवली : "प्लीहा नाही." अजून एक विचारायचं होतं. स्टँडवरचा काळू कुत्रा रोज हात चाटतो, बिस्किटासाठी. त्याचं काय?

स्लाइडवाली
जखमेवर चाटू देऊ नका. चावला तर छोटा ओरखडा असला तरी लगेच धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना, रेबीजचं इंजेक्शन आहेच, शिवाय अँटिबायोटिक लागेल. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू प्लीहा नसलेल्यांना फार महागात पडतो. बिस्किट लांबून टाका.