वापरातल्या भांड्यावर कुंभाराचं नाव हवं की नको?

घोडकाठ: शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथं जोर्वे पद्धतीची भांडी निघाली: चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली, लालसर अंगावर काळी नक्षी, तोटीचे गडू. सुमारे ३००० वर्षांपूर्वीची. लहान मूल गेलं की दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यात घराच्या जमिनीखाली पुरत, हेही कळलं. कुणी घडवली, ते नाही. तेव्हा लिपी नव्हती, मान्य. पण लिपी आल्यावरही बलुतेदार कुंभाराचं नाव मडक्यावर आलं नाही. मला हा अन्याय वाटतो.

मडकेवाला: ताई, नाही पटलं. माठ कच्चा राहिला तर टिकत नाही, फार भाजला तर पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. कुंभाराची खरी ओळख तिथं आहे. जपानचे विचारवंत यानागी सोएत्सू यांनी अनाम कारागिरांच्या रोजच्या वस्तूंतलंच सौंदर्य थोर मानलं, १९२५ मध्ये त्याला ‘मिंगेई’ हे नाव मिळालं. त्यांचे सहकारी हामादा शोजी तर आपल्या भांड्यांवर सहीच करत नसत.

घोडकाठ: आणि त्याच हामादांना १९५५ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला! भांड्याच्या लाकडी पेटीवर ते सही करत. ज्याला जग ओळखतं तो नाव गाळू शकतो. आपल्या कुंभाराला कुणी विचारलंच नव्हतं.

रांजण: अमेरिकेतल्या डेव्हिड ड्रेकबद्दल वाचा. दक्षिण कॅरोलायनात एजफील्डला गुलाम कुंभार होता. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर तिथं १८३४ मध्ये कायद्यानं बंदी आली. हा माणूस मात्र ओल्या मातीत ‘डेव्ह’ आणि तारीख कोरायचा, कधी दोन ओळींची कविताही. १८५७ च्या एका रांजणावर त्यानं विचारलंय, माझे सगळे नातलग कुठे असतील? खारवलेलं मांस साठवायचे रांजण हे, शोभेचे नव्हेत. नाव कोरल्यानं त्यांचा उपयोग तसूभरही कमी झाला नाही.

मडकेवाला: डेव्हपुढे मी हात जोडतो. पण आपल्याकडे नाव कुणाचं घालणार? माती चाळायची, लीद-राख घालून मळायची, थापीनं ठोकून मडक्याचं अंग पातळ करायचं, आवा रचायचा. सगळं घर राबतं. बायकांचे हात तर जागोजागी लागलेले असतात. सही होईल ती चाकावर बसणाऱ्या पुरुषाची. त्यापेक्षा कुणाचंच नको.

घोडकाठ: हा मुद्दा खरा आहे. मग घराचं नाव घाला, गावाचं घाला, पण कोरं ठेवू नका. आणि संग्रहालयांतल्या पाट्यांवर स्थळ आणि काळ लिहितात, तिथंच ‘घडवणारे: अज्ञात’ एवढी ओळ तरी लिहा. ती जागा रिकामी आहे हे बघणाऱ्याला दिसू दे.

मडकेवाला: पाटीवर जरूर लिहा. माठावर नको, यावर मी ठाम आहे.