राज्यसभेतले बाबासाहेब, बारा रिकाम्या खुर्च्या आणि पदवीधरांची यादी

काळाकोट
काल स्पष्टवक्ता यांनी लिहिलं की वरचं सभागृह म्हणजे पडलेल्या उमेदवारांची सोय. आणि दाखला दिला थेट बाबासाहेबांचा: १९५२ ला मुंबईत लोकसभेला हरले, राज्यसभेत गेले, तिथे घटना जाळायची भाषा केली, बाकी काही नाही. रात्री हे वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

घटना जाळायचं ते वाक्य राज्यसभेतलं, २ सप्टेंबर १९५३ चं. चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर होती. बाबासाहेबांचा मुद्दा असा की भाषावार राज्यात संख्येने मोठी असलेली जात सगळं हातात घेणार. मग लहान समाजांनी दाद कुणाकडे मागायची? त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला खास अधिकार द्या, एवढंच ते मागत होते. कॅनडाच्या राज्यघटनेचा आधार दिला. राज्यपाल नुसता रबरी शिक्का असावा हे त्यांना पटत नव्हतं. त्यावर समोरून कुणीतरी टोचलं की घटना लिहिताना तुम्हीच तर अशा राज्यपालाचं समर्थन केलं होतंत. तिथून पुढे ते जाळण्यापर्यंत गेलं.

मार्च १९५५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीच्या वेळी एका सदस्याने तेच पुन्हा काढलं. उत्तर मिळालं: देवासाठी देऊळ बांधलं, देव बसायच्या आधीच आत सैतान शिरला, तर देऊळ पाडण्यावाचून काय उरतं? त्याच भाषणात त्यांनी मालमत्तेच्या ३१ व्या कलमाची जबाबदारी मसुदा समितीची नाही असं उघड सांगितलं. ते कलम नेहरू, पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांच्यातल्या तडजोडीतून आलं होतं. हे सांगायला तिथे दुसरं कोण होतं? बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा शासनाने छापलेला पंधरावा खंड उघडा आणि मग शून्य म्हणा.

स्पष्टवक्ता
वकीलसाहेब, बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर मी बोट ठेवलेलं नाही. माझं म्हणणं सभागृहाबद्दल आहे. एवढा मोठा माणूस चार वर्षं बोलला, त्यातलं सरकारने काय ऐकलं? आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३ ला झालंच. राज्यपालाला तसे अधिकार मिळाले नाहीत ते नाहीतच. नुसती भाषणं ऐकून घ्यायला सभागृह कशाला पोसायचं?

गोदाकाठ
मिळाले नाहीत तेच बरं झालं. आपल्याकडे काय झालं ते विसरलात का? राज्यातलं वरचं सभागृह म्हणजे विधान परिषद, तिथल्या बारा जागा राज्यपाल नेमतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्यासाठी बारा नावं राजभवनावर पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी मुदतीत निर्णय व्हायला हवा. तरी निर्णय नाही. २०२२ ला सरकार बदललं आणि यादीच परत घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ ला सात जण नेमले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांच्या नावाच्या जागा इतकी वर्षं रिकाम्या! ज्याला साधी एक यादी हलवता येत नाही, त्याच्या हाती दुबळ्यांचं रक्षण सोपवायचं?

काळाकोट
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेब मागत होते तो अधिकार जुलूम झाल्यावर हस्तक्षेप करायचा. फाइल दाबून ठेवायचा नव्हे.

गोदाकाठ
अधिकार दिला की तो कुणाच्या हातात जाईल हे तुम्ही ठरवत नाही, साहेब. एवढं तर मान्य करा.

वेशीबाहेरचा
तुम्हा दोघांपैकी गावकीचा बहिष्कार कुणी भोगलाय? माझ्या आजोबांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून किराणा बंद, दळण बंद, रानातून वाट बंद. आजी पीठ आणायला चार कोस चालत जायची, डोक्यावर पाटी, कडेवर माझा बाप. सरपंच त्यांचा, पाटील त्यांचा, फौजदार त्यांच्याच ओसरीवर चहा पिणारा. बहुमताने निवडून आलेली माणसं होती सगळी. आजोबांनी कुणाकडे जायचं होतं? हा प्रश्न १९५३ ला भर सभागृहात एकाच माणसाने विचारला, आणि तुम्ही विचारता त्याने साधलं काय. प्रश्न नोंदीत राहिला, हे माझ्यासाठी कमी नाही.

स्पष्टवक्ता
तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण दादा, तुमच्या आजोबांना राज्यसभेमुळे पीठ मिळालं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

वेशीबाहेरचा
वाईट वाटून पुन्हा तोच मुद्दा रेटायचा असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

विसापूरकर
मी तासगाव तालुक्यातला. वरचं सभागृह बिनकामाचं म्हणणाऱ्यांनी वि. स. पागे हे नाव लक्षात ठेवावं. विधान परिषदेचे अठरा वर्षं सभापती. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ ला आमच्या भागात त्यांच्याच पुढाकाराने झाला. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. तळहाताला चिंध्या बांधलेल्या, संध्याकाळी पदरात सुकडी. त्या कामावर आमची चूल पेटली. १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला दिल्लीने तोच धडा गिरवला.

स्पष्टवक्ता
पागे मान्य. पण तो प्रयोग त्यांनी गावात केला, सभागृहात नव्हे. ते आमदार नसते तरी तसेच वागले असते. आणि पश्चिम बंगालने १९६९ ला, तमिळनाडूने १९८६ ला परिषद मोडीत काढली, तिथे काय अडलं?

काळाकोट
आंध्रने १९८५ ला मोडली आणि २००७ ला परत आणली, ते सोयीस्कर विसरलात.

प्राजक्ता_नगर
मला राज्यसभेतलं फार कळत नाही, पण परिषदेचा विषय निघालाच आहे तर बोलते. ७८ पैकी सात जागा पदवीधरांच्या. मी एम.ए. आहे, आणि तीन निवडणुकांत मला एकदाही मत देता आलेलं नाही! विधानसभेच्या यादीत एकदा नाव लागलं की राहतं. इथे दर निवडणुकीला यादी कोरी. पुन्हा नमुना १८ चा अर्ज, पुन्हा पदवीची साक्षांकित प्रत. माझी पदवी माहेरच्या नावाने, मतदार ओळखपत्र सासरच्या. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, विवाह नोंदणीचा दाखला आणा. तो आणला तर म्हणाले, नावबदलाचं राजपत्र आणा. कडेवर ताप आलेलं लेकरू घेऊन तिसऱ्यांदा गेले, तेव्हा मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

निवृत्त_मास्तर
ताई, शिक्षक मतदारसंघातही तेच. तिथे नमुना १९, त्यावर मुख्याध्यापकांची सही. आमच्याकडे संस्थाचालकांच्या पॅनेलला मत देणाऱ्यांचेच अर्ज वेळेत पुढे जायचे. मी उघड विरोधात होतो, तर माझा अर्ज कपाटात राहिला. बत्तीस वर्षं नोकरी केली, हे शल्य अजून जात नाही.

गोदाकाठ
उमेदवारच गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात. ज्याच्याकडे माणसं आणि गाड्या, त्याची यादी. यादी झाली तिथेच निकाल लागतो.

स्पष्टवक्ता
मग मी वेगळं काय म्हणत होतो?

प्राजक्ता_नगर
नाही, तुम्ही परिषद मोडा म्हणता. मी म्हणते माझं नाव घाला. पदवी काय दर सहा वर्षांनी रद्द होते का? एकदा तपासली, यादीत राहू द्या. पत्ता बदलला तर मी कळवीन.

काळाकोट
ताईंशी पूर्ण सहमत. यासाठी घटनेला हात लावायचीही गरज नाही, नोंदणीचे नियम बदलले तरी भागेल. गोदाकाठ, तुमच्या बारा जागांबद्दलही एक मान्य करतो: निर्णयाला ठरावीक दिवसांची मुदत नाही, हे भोक मोठं आहे. तेवढंच मान्य. रबरी शिक्क्याबद्दल बाबासाहेब चुकले हे मान्य नाही.

स्पष्टवक्ता
पंधराव्या खंडातलं ते भाषण आज दुपारी काढून वाचलं. जाळण्याचं वाक्य मी मागचंपुढचं न बघता टाकलं होतं, ती चूक माझी. वेशीबाहेरचा, तुमच्या आजोबांवर मी जे बोललो ते तसं बोलायला नको होतं. परिषद मोडावी हे मत मात्र बदललेलं नाही.

वेशीबाहेरचा
वाचलंत, ठीक. त्याच भाषणात लहान समाजांबद्दलची पानं आहेत, तीही वाचा. मग बोलू.

प्राजक्ता_नगर
मास्तर, कपाटातल्या अर्जाची पोच घेतली होती का तुम्ही? माझ्याकडे दोन पोचपावत्या आहेत. या वेळी नोंदणी सुरू झाली की पहिल्याच दिवशी त्या घेऊन जाणार आहे.