सेनेगलला परतायचं की पॅरिसच्या फ्वायेतच राहायचं? पेन्शन आणि कार्डाबद्दल प्रश्न

शर्वरी_प:
पॅरिसच्या उपनगरात स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहात, म्हणजे फ्वायेत राहणाऱ्या एका सोनिन्के (पश्चिम आफ्रिकेतल्या एका समाजातल्या) आजोबांचे कागद लावायचे आहेत. वय 68. गाव सेनेगल नदीकाठी, बाकेलजवळ. बायको-मुलं कायम तिथेच. फ्रान्समधली नोंदलेली नोकरी 19 वर्षं, पेन्शन महिना 430 युरो, वर आस्पा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना फ्रान्समध्ये मिळणारा भत्ता. जीव गावात अडकलाय, पण औषधपाणी इथलं आणि याच पैशावर तिकडचं घर चालतं. "निवासी कार्ड देऊन निवृत्तांचं कार्ड घ्या, मोकळे व्हाल" असं कुणीतरी सांगितलंय. घ्यावं का?

कागद_पत्र:
घाईने मुळीच नको. पेन्शन त्यांच्या कष्टाची आहे, ती बाकेललाही मिळते. आस्पा मात्र फ्रान्समधल्या वास्तव्याशी बांधलेला आहे. सप्टेंबर 2023 पासून कॅलेंडर वर्षात 9 महिन्यांहून जास्त इथे राहावं लागतं. आधी 6 महिन्यांची अट होती. 2024 मध्ये एकट्या माणसासाठी महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा 1,012 युरो होती, म्हणजे 430 वर 582 ची भर. कायमचे गेले की ही भर बंद. हातात उरतात 430, म्हणजे सेनेगलच्या चलनात सुमारे 2,82,000 सीएफए फ्रँक.

निवृत्तांचं कार्ड 10 वर्षांचं असतं. त्यावर कधीही येता येतं, पण एका खेपेला जास्तीत जास्त वर्षभर. काम करता येत नाही, आस्पाही मिळत नाही. उपचारांच्या खर्चासाठी 15 वर्षांच्या विम्याची अट आहे. 19 वर्षं आहेत, तिथे ते सुरक्षित आहेत. पण पुन्हा इथेच राहायचं ठरलं, तर नव्याने अर्ज आला.

सर्वांत जास्त फसगत होते ती दोन मोजण्यांची गल्लत झाल्याने. निवासी कार्ड सलग 3 वर्षं बाहेर राहिल्यावर रद्द होतं. "कार्ड चालू आहे ना" म्हणून माणूस 5 महिने गावी राहतो. मग पासपोर्टवरचे शिक्के मोजले जातात आणि दिलेला आस्पा परत मागतात.

शर्वरी_प:
म्हणजे वर्षाला तीनच महिने घर? या वयात हे फार क्रूर आहे.

नदीकाठ:
आहेच. म्हणूनच 2016 पासून जुन्या स्थलांतरितांसाठी एव्हीएफएस नावाची वेगळी मदत आहे. 65 पूर्ण, फ्वाये किंवा सामाजिक निवासात एकट्याचं राहणं, 15 वर्षांचा अखंड कायदेशीर मुक्काम, उत्पन्न कमी. इथे अट उलटी आहे: वर्षात 6 महिन्यांहून जास्त मायदेशी राहावं लागतं. मात्र आस्पा आणि घरभाड्याची मदत सोडावी लागते. म्हणून आधी दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा, उत्पन्नाची मर्यादाही तपासा. पहिला अर्ज फ्वायेत राहत असतानाच करायचा असतो. खोली सोडून मग अर्ज केला तर संधी गेली. तुमच्या आजोबांसाठी मी आधी हेच बघेन. निवृत्तांचं कार्ड सगळ्यात शेवटी.

कागद_पत्र:
बरोबर. एक राहिलं. पेन्शन परदेशात घेताना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मुदत चुकली की पैसे थांबतात. जाण्यापूर्वी जन्मदाखला, पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. त्या पिढीत अनेकांची जन्मतारीख नुसती "1956 च्या सुमारास" अशी असते आणि आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला सेनेगलमधली नगरपालिका देते. लग्नाचीही नोंद झालेली आहे का बघा. नुसता मशिदीतला निकाह असेल, तर पुढे आजींना विधवा पेन्शन मागताना अडेल, आणि तेव्हा सांगायला आजोबा नसतील.