हाताचा कंप फंक्शनल (मेंदू-नसांना इजा नाही, पण त्यांचं काम बिघडलंय असा) आहे हे नेमकं ओळखायचं कसं?

प्रश्न (फिजिओथेरपिस्ट):
पेशंट तरुण, उजव्या हाताचा कंप अचानक सुरू झालेला. एमआरआय आणि थायरॉइड नॉर्मल. चिठ्ठीवर ‘सायकोजेनिक?’ (फंक्शनलचं जुनं नाव, म्हणजे मनातून आलेला) एवढंच लिहिलंय. एन्ट्रेनमेंट टेस्टमध्ये (दुसऱ्या हाताने ठोके द्यायला लावून कंप ती लय पकडतो का ते बघणं) कंप कधी थांबल्यासारखा वाटतो, कधी तसाच राहतो. टेस्ट कशी करावी? घरचे विचारतात, नाटक तर नाही ना? त्यांना काय सांगू?

उत्तर १ (न्यूरॉलॉजी):
नॉर्मल एमआरआयवरून हे निदान होत नाही. पार्किन्सन्समध्येही साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो. निदान तपासणीत दिसणाऱ्या खुणांवर करायचं. मानसिक ताण सापडलाच पाहिजे ही अटही डीएसएम-5 ने (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) 2013 साली काढून टाकली.

टेस्टसाठी मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं अ‍ॅप) लावा. कंप असलेला हात ज्या स्थितीत हलतो त्याच स्थितीत ठेवा. चांगल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ठोक्याबरोबर जुळवायला सांगा: आधी मिनिटाला 90 ठोके, मग 180. कंपाचा जो मूळ वेग आहे नेमका तोच लावू नका, नाहीतर दोन्ही हात आपोआपच जुळलेले दिसतील. पेशंटची नजर ठोके देणाऱ्या बोटांवर हवी, कंपाकडे नको. कंपाने ठोक्याची लय पकडली किंवा तो थांबला, तर टेस्ट पॉझिटिव्ह.

प्रश्नकर्ता:
90 वर चांगल्या हातालाच लय साधत नाही. मग टेस्ट वाया गेली का?

उत्तर १:
नाही. त्या हातात अशक्तपणा किंवा ताठरपणा नसताना एवढी सोपी लय चुकणं हीसुद्धा खूण आहे. एका खुणेवर मात्र थांबू नका. 100 मधून 7-7 वजा करायला लावा: फंक्शनल कंप कमी होतो, पार्किन्सन्सचा बहुधा वाढतो. मनगटाला अर्धा किलोची वाळूची पट्टी बांधून पाहा. फंक्शनल कंप पुष्कळदा उलट वाढतो.

उत्तर २:
तरुण पेशंट आहे, तेव्हा विल्सन्स डिसीजसाठी (शरीरात तांबं साठण्याचा आजार) रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प (सूक्ष्मदर्शकाने) तपासणी झाली आहे का ते बघा. सॅल्ब्युटामॉल (दम्याचं औषध), व्हॅल्प्रोएट (फिट्सचं औषध) चालू आहे का तेही विचारा, त्यांनीही कंप येतो. आणि फंक्शनल कंप व असा दुसरा आजार, दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे विसरून चालणार नाही.

उत्तर ३ (न्यूरो-फिजिओ):
घरच्यांना स्पष्ट सांगा, हे नाटक नाही. कंप पेशंट मुद्दाम करत नाही. हात शाबूत आहे, त्याला हलवणारी यंत्रणा बिघडली आहे. लक्ष कंपाकडे गेलं की तो वाढतो, म्हणून ‘हात धर, थांबव’ असं सारखं म्हणू नये. टेस्ट पॉझिटिव्ह आली की ती पेशंटलाच दाखवा: “बघा, डावा हात ठोके देत होता तेव्हा उजवा स्थिर होता.” पकडलं गेल्यासारखं वाटेल असा सूर नको. हात बरा होऊ शकतो याचा हा पुरावा आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

व्यायामात कंप दाबून धरायला लावू नका. स्नायू आणखी आवळतात. स्प्लिंटही (हात बांधून ठेवणारी पट्टी) शक्यतो टाळा. कंपावरच पेशंटला स्वतःहून मोठी, सावकाश हालचाल करू द्या, टेबल पुसतो तशी. मग ती हळूहळू मंद करत थांबवायची आणि तळवा सैल सोडून टेबलावर ठेवायचा.