ओळीची उंची फॉन्टला विचारायची की अक्षरांना?

टंकभट

देवनागरी मजकूर चौकटीत बसवला की ठरलेली तक्रार येते. 'मूर्तींना'मधला रफार आणि अनुस्वार वरून छाटलेला, 'टट्टू'चा उकार खालून गायब. मग कोणीतरी वर-खाली चार-चार पिक्सेलांचं पॅडिंग चिकटवून मोकळं होतं. फॉन्ट बदलला की पुन्हा तेच. हा धागा त्या पॅडिंगच्या विरोधात आहे.

माझं म्हणणं: ओळीची उंची फॉन्टने जाहीर केलेल्या असेंट-डिसेंटवरूनच काढावी (अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती बेसलाइन; तिच्या वर राखलेली जागा म्हणजे असेंट, खाली राखलेली म्हणजे डिसेंट). समोर आलेल्या शब्दाची शाई, म्हणजे प्रत्यक्ष उमटणारा भाग, मोजून ती कधीही ठरवू नये.

हिशोब अवघड नाही. फॉन्टच्या आतली मापं एमच्या, म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढ्या एककाच्या, भागांत असतात. बहुतेक फॉन्टांत एका एमचे १००० किंवा २०४८ भाग. माप गुणिले आकार भागिले एमचे भाग, झाले पिक्सेल. समजा १००० भागांच्या फॉन्टात असेंट ९५० आणि डिसेंट उणे ४५० आहे. १२ पॉइंट म्हणजे ९६ डीपीआयवर १६ पिक्सेल. मग बेसलाइनच्या वर १५.२, खाली ७.२, एकूण २२.४. शिवाय लाइनगॅप, म्हणजे दोन ओळींमधली जादा फट, असेल तर तो वेगळा. 'साइझ १६ आहे ना, मग १६ची चौकट पुरे' असं धरणाऱ्याचे सहा पिक्सेल इथेच बुडाले.

असेंट आणि डिसेंट स्वतंत्रपणे वरच्या पूर्णांकाला न्या: १६ आणि ८, म्हणजे २४. बेरीज करून मग पूर्णांक करू नका, कारण तसं केलं की बेसलाइन अर्ध्यामुर्ध्या पिक्सेलवर पडते आणि एका ओळीची शिरोरेखा ठळक, पुढचीची पुसट दिसते. स्क्रोलची उंची काढताना २२ आणि रेखाटताना २२.४ धरलं, तर वीस ओळींनंतर ८ पिक्सेलांचा घोळ.

आता शाई मोजली तर? 'बंद'ला खाली काही लोंबत नाही, 'सुरू'ला उकार आहे. अँड्रॉइडच्या गेटटेक्स्टबाउंड्स या फंक्शनने शाईची चौकट काढून मजकूर मधोमध ठेवलात की बटण दाबताच अक्षरं वर-खाली उडी मारतात. यादीतली प्रत्येक ओळ वेगळ्या उंचीची होते ती गंमत निराळीच.

कानामात्रा

असहमत. 'फॉन्टने जाहीर केलेलं माप' असं एकवचनात लिहिलंत, पण ते आहे कुठे? एकाच फाइलीतल्या तक्त्यांत असेंट-डिसेंटच्या तीन जोड्या असतात: एचएचईए तक्त्यातली, ओएस/२ तक्त्यातली टायपो, आणि त्याच तक्त्यातली विन. मॅक पहिली वाचतो. विंडोजची जुनी रेखाटन-व्यवस्था जीडीआय विन वाचते आणि त्याबाहेरची शाई कापून टाकते. टायपो वापरायची की नाही हे एफएससिलेक्शनमधला ७ क्रमांकाचा बिट सांगतो. फॉन्ट करणाऱ्याने तिन्ही जुळवल्या नसतील तर एकच पान दोन यंत्रांवर दोन उंचींचं. तुम्ही विश्वास ठेवताय कोणावर?

त्यात चिन्हांचा गोंधळ. एचएचईए आणि टायपोचा डिसेंट सहसा उणे, विनचा अधिक. स्किया ही रेखाटनाची लायब्ररी आणि अँड्रॉइड यांच्यात वाय, म्हणजे उभा अक्ष, खाली वाढतो म्हणून असेंटच उणे. कोणी डोळे झाकून असेंट अधिक डिसेंट केलं की तुमच्याच उदाहरणात १५.२ उणे ७.२, म्हणजे ८ पिक्सेलांची ओळ!

आणि मुख्य मुद्दा. हेड तक्त्यात वायमॅक्स-वायमिन (शाईची सर्वांत वरची आणि खालची हद्द) असतात ते सुट्या ग्लिफांवरून, म्हणजे फॉन्टातल्या एकेका आकृतीवरून, काढलेले. देवनागरीत चिन्हं सुटी बसत नाहीत. जीपॉस या जागा ठरवणाऱ्या तक्त्यातले एबीव्हीएम (वरच्या चिन्हांचे) आणि बीएलडब्ल्यूएम (खालच्या चिन्हांचे) नियम त्यांना अक्षरावर नेऊन ठेवतात. 'ट्ट' उभं रचणाऱ्या फॉन्टात त्याखाली ऊकार सरकवला की शाई वायमिनच्याही खाली जाऊ शकते. ग्लिफ एकटा चौकटीत मावतो, जोडी मावत नाही. हे जाहीर मापातून कळणारच नाही. शब्द आकाराला आणून त्याची शाई मोजली तरच कळेल. मग फॉन्टला विचारून काय उपयोग?

टंकभट

जीपॉसचा मुद्दा मान्य, अगदी खरा आहे. पण त्यातून निघतं एवढंच की शाईची चौकट कापण्यासाठी आणि पुन्हा रंगवण्यासाठी हवी. ओळी एकमेकींपासून किती अंतरावर, हा प्रश्न निराळा. ओळींचं अंतर फॉन्टकडून घ्या. क्लिपची, म्हणजे कापण्याची, चौकट शाईकडून घ्या आणि अँटिअलायझिंगसाठी (कडा मऊ दिसाव्यात म्हणून भरलेल्या फिक्या पिक्सेलांसाठी) चारही बाजूंनी १ पिक्सेल वाढवा. उकार खालच्या ओळीच्या हद्दीत जरा डोकावला तर बिघडत नाही. तो कापला गेला तर वाचणारा अडखळतो.

तीन जोड्यांबद्दल: स्वतः तक्ते उघडून बसू नका. ज्या लायब्ररीने चित्र काढणार तिलाच विचारा. फ्रीटाइप या लायब्ररीने मोजून जीडीआयने रेखाटणं हा स्वतःवर ओढवून घेतलेला वाद आहे.

पिक्सेलपंत

एवढी मोजणी कशाला, हेच कळत नाही. वेबवर लाइन-हाइट (ओळीची उंची, आकाराच्या पटीत) १.६ द्या आणि चहा प्या. देवनागरीला १.२ पुरत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. १६ पिक्सेलांवर १.६ म्हणजे २५.६, वर सांगितलेल्या २२.४ पेक्षा जास्तच. फॉन्ट कुठलाही येवो, ताल एकच राहतो. मोजमाप ब्राउझरवर सोडा.

कानामात्रा

पंत, ताल राहतो, पण शाई कुठे पडते ते लाइन-हाइट ठरवत नाही. ब्राउझर लाइन-हाइटमधून असेंट-डिसेंटची बेरीज वजा करतो आणि उरलेलं अर्धं वर, अर्धं खाली वाटतो. १.२ असेल तर १९.२ उणे २२.४, म्हणजे दोन्हीकडे उणे १.६. एवढा भाग चौकटीबाहेर. नुसता बाहेर असेल तर दिसतो. पण दोन ओळींनंतर तीन टिंबं दाखवायची म्हणून लाइन-क्लॅम्प लावलात की ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवा) आलंच, आणि शेवटच्या ओळीचे उकार गेले. १.६ ने तुमच्या फॉन्टात निभावतं, कारण त्या फॉन्टाची बेरीज १.४ आहे. बेरीज १.७ असलेला फॉन्ट आला की पुन्हा उणे. म्हणजे तुम्हीही मोजताच आहात, फक्त न मोजता!

आणि फॉलबॅक, म्हणजे फॉन्टात नसलेलं अक्षर दुसऱ्या फॉन्टातून आणणं, विसरलात. नाव देऊन मागितलेला फॉन्ट बऱ्याचदा रोमन असतो, त्यात देवनागरी नसतेच, ती दुसऱ्या फॉन्टातून येते. मोजलेला असेंट पहिल्याचा, दिसणारी अक्षरं दुसऱ्याची. अँड्रॉइडच्या स्टॅटिकलेआउटला (ओळी मांडणारा क्लास) यासाठी एपीआय २८ पासून वेगळी सोय द्यावी लागली: फॉलबॅक फॉन्टाचं अंतर धरायचं की नाही, ते सांगण्याची.

पिक्सेलपंत

फॉलबॅकचं पटलं. पण त्यावर वेबमध्ये उपाय आहे: फॉन्ट-फेसच्या नियमात असेंट-ओव्हरराइड, डिसेंट-ओव्हरराइड, साइझ-अ‍ॅडजस्ट. दोन्ही फॉन्टांची मापं एकसारखी जाहीर करा, ओळ हलणार नाही. लाइन-क्लॅम्पच्या डब्याला खाली थोडं पॅडिंग द्यावं लागतं, हेही मान्य. (टंकभट, चिडू नका.)

अर्धा_र

सगळे उंचीवर भांडताय, रुंदीवर कोणी बोलतच नाही. प्रत्यक्ष चुका तिथे जास्त होतात.

'महाराष्ट्र' साठवताना १० कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे सुटे क्रमांक. दिसतात चार अक्षरं: म, हा, रा, ष्ट्र. एकेक कोडपॉइंट मोजून बेरीज करणारा कोड आजही सापडतो. त्यात दोन चुका एकाच वेळी होतात. जोडाक्षरातला प्रत्येक वर्ण पूर्ण रुंदीचा धरला जातो. 'मूर्ती'तला रफार बहुतेक फॉन्टांत जागाच घेत नाही, तरी अख्ख्या र ची रुंदी मिळवली जाते. आणि सुटा उकार मोजायला दिला की शेपर, म्हणजे कोडपॉइंटांतून जोडलेली अक्षरं घडवणारा प्रोग्राम, त्याला आधार म्हणून टिंबांचं वर्तुळ जोडतो आणि त्या वर्तुळाची रुंदी तुमच्या बेरजेत येते. आकडा इतका फुगतो की ओळ निम्म्यावरच मोडते.

बरोबर क्रम असा. मजकुराचे एकाच लिपीचे, एकाच फॉन्टाचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा हार्फबझसारख्या शेपरमधून काढा. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं स्पष्ट सांगा. परत आलेल्या एक्स-अ‍ॅडव्हान्सची (प्रत्येक ग्लिफनंतर पुढे सरकायच्या आडव्या अंतराची) बेरीज म्हणजे रुंदी. भाषा सांगण्याचं कारण: ज्या फॉन्टांत मराठी ल आणि श वेगळे आहेत, तिथे ते भाषेच्या खुणेवरून बदलले जातात. मोजताना भाषा कोरी आणि रेखाटताना मराठी असेल तर 'लाल शाल' मोजली एका रूपात, उमटली दुसऱ्या. फ्रीटाइपकडून थेट आकडे घेत असाल तर ते पिक्सेलच्या ६४व्या भागात असतात; ६४० म्हणजे १० पिक्सेल. भागायला विसरलात तर लगेच दिसतं, सुदैवाने.

मोजमाप साठवून ठेवायचं तर शब्दागणिक ठेवा, अक्षरागणिक नको. साठवलेला आकडा शोधायच्या किल्लीत फॉन्ट, आकार, भाषा आणि झूम चारही हवेत. १०० टक्क्यांना मोजून दीडने गुणलेला आकडा हिंटिंग (अक्षरांच्या कडा पिक्सेलांच्या जाळीवर बसवणं) चालू असेल तर १५० टक्क्यांना जुळेलच असं नाही.

तीन टिंबांसाठी कापताना कोडपॉइंटवर कापू नका, 'महाराष् …' असं उघडं हलन्त दिसतं. अक्षराच्या सीमेवर कापा आणि उरलेला तुकडा पुन्हा शेप करून मोजा. ही सीमा युनिकोडच्या नियमाने काढत असाल तर आवृत्ती पाहा. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीचा कोड ष्ट्र चे तीन तुकडे करतो.

टंकभट

+१. अ‍ॅडव्हान्स पूर्णांक करण्याबद्दलही लिहा की.

अर्धा_र

करूच नका, ओळ संपेपर्यंत. दर ग्लिफमागे अर्ध्या पिक्सेलपर्यंत चूक, ४० ग्लिफांना वाईटात वाईट २० पिक्सेल. रोमनमध्ये अंतर जरा कमीजास्त दिसतं, इतकंच. देवनागरीत शिरोरेखा उघडी पडते: वर नेलं की दोन अक्षरांत फट, खाली आणलं की एकावर एक चढून अर्धपारदर्शक रंगात गडद ठिपका. शिरोरेखा ही मोजमाप तपासायची फुकटातली पट्टी आहे.

झेडइंडेक्स

पण हे सगळं फोन आणि संगणकासाठी. १२८ बाय ६४ पिक्सेलांच्या ओएलईडीवर, म्हणजे छोट्या यंत्राच्या पडद्यावर, या. टंकभटांच्या हिशोबाने २४ची ओळ, म्हणजे पडद्यावर दोन ओळी आणि १६ पिक्सेल वाया. फॉन्टची जाहीर उंची त्यातल्या सगळ्या अक्षरांसाठी असते. माझ्या यंत्रात 'दाब', 'तापमान', 'पाणी कमी' असे ठरलेले ४० शब्द आहेत, त्यात 'टट्टू' येणारच नाही. तिथे शाईच मोजायची. मायक्रोकंट्रोलरवर शेपर चालवायचाच नाही. शब्द संगणकावर आधीच शेप करून बिटमॅप म्हणून भरायचे. २१ पिक्सेलांत बसले तर तीन ओळी मिळतात.

टंकभट

इथे मी हरलो, पण अर्धाच. शाई एकेका शब्दाची मोजू नका. ४०ही शब्दांची मोजा, बेसलाइनच्या वरची सर्वांत मोठी आणि खालची सर्वांत मोठी घ्या, आणि तीच सगळ्यांना लावा. नाहीतर 'दाब'वरून 'पाणी कमी'वर जाताना पुन्हा उडी. आणि ४१वा शब्द आला की तो बिल्डमधल्या तपासणीतच अडला पाहिजे, यंत्रावर गेल्यावर नव्हे.

झेडइंडेक्स

तसंच करतो आम्ही. म्हणजे शाईनेच उंची ठरली, शीर्षकाचं उत्तर 'अक्षरांना'.

कानामात्रा

आणखी एक जागा, जिथे शाई मोजावीच लागते: बटणात मजकूर उभा मधोमध ठेवणं. प्रचलित सूत्र म्हणजे मध्याचा वाय उणे असेंट-डिसेंटच्या बेरजेचा अर्धा, असेंट उणे धरून. १५.२ आणि ७.२ घेतले तर बेसलाइन मध्याच्या ४ पिक्सेल खाली येते. पण डोळ्याला शब्दाचं वजन शिरोरेखा ते बेसलाइन या पट्ट्यात दिसतं. रफार, वेलांटी, उकार ही बाहेरची मंडळी. म्हणून 'न' ची वरची शाई एकदाच मोजा, ती शिरोरेखेची उंची धरा आणि बेसलाइन मध्याच्या तिच्या निम्मी खाली ठेवा. शिरोरेखा १० पिक्सेलांवर असेल तर ५. एका पिक्सेलाचा फरक, पण शेजारी चौकोनी आयकॉन ठेवला की लगेच जाणवतो. मोजलेलं अक्षर ठरलेलं असल्यामुळे उडीही नाही.

पिक्सेलपंत

वेबच्या कॅनव्हासमध्ये टेक्स्टबेसलाइनला 'हँगिंग' दिलं तर हेच मिळत नाही का? ती रेषा देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच आहे.

कानामात्रा

फॉन्टच्या बेस तक्त्यात ती रेषा दिलेली असेल तर. नसेल तर ब्राउझर अंदाज करतो. 'न' चं अ‍ॅक्चुअल-बाउंडिंगबॉक्स-असेंट (मोजलेल्या शाईची बेसलाइनवरची उंची) वाचणं जास्त भरवशाचं. फक्त वेबफॉन्ट उतरण्याआधी वाचू नका, नाहीतर फॉलबॅकचा 'न' मोजाल. डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडीची वाट पाहा. तो फॉन्ट पानावर अजून कुठे वापरलाच नसेल तर उतरायलाच लागणार नाही. लोड स्वतः सांगा.

अर्धा_र

चाचणीसाठी शब्द घ्या: मूर्तींना, टट्टू, चिठ्ठ्या, उद्धृत, कार्त्स्न्य, ऱ्हास, लाल शाल, डॉक्टर. 'ऱ्हास' दोन प्रकारे टंकून पाहा, एकदा ऱ आणि हलन्ताने, एकदा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. दोन्हींची रुंदी सारखी आली नाही तर गडबड फॉन्टात किंवा शेपरच्या जुन्या आवृत्तीत शोधा, तुमच्या बेरजेत नाही.

टंकभट

यादीत 'तुम्हांला हवं ते नाव लिहा' अशी मोकळी जागाही धरा. झेडइंडेक्सचे ४० शब्द ठरलेले होते म्हणून ते सुटले. जिथे लिहिणारा दुसरा आहे तिथे मी अजूनही फॉन्टलाच विचारणार.